सोडलेला लॉट

सुनेत्रा चहा पिताना आवाज करते. साधासुधा नाही, शेजारच्या खोलीत झोपलेला माणूस कूस बदलेल असा. लग्नानंतर सासूबाईंसमोर तिने पहिल्यांदा असा घोट ओढला, तेव्हा त्या माउलीने आधी कुणाला काही सांगितलं नाही, आणि मग सगळ्यांना सांगितलं. पण त्यात तिचा काही दोष नव्हता. तो तिचा धंदा होता. चहा पारखणारी माणसं घोट वाऱ्यासकट ओढतात, म्हणजे तो जिभेवर पसरतो आणि नाकातही चढतो, आणि मग थुंकून टाकतात. थुंकायचं मात्र तिने सासरी टाळलं.

हा धंदा तिला शिकवला मनोहर साठे यांनी. पुण्यातून फूड टेक्नॉलॉजी करून ती कोलकात्याला नोकरीला गेली, ती या मनोहरकाकांकडे. काका मूळचे साताऱ्याचे. तिकडच्या, कऱ्हाडच्या, कोल्हापूरच्या छोट्या चहावाल्यांसाठी ते कोलकात्याच्या लिलावात आसामचा चहा घेत. आपल्याकडे चहा उकळतात, दूध ओततात, साखर घालतात, आणि तरीही तो कडक लागायला हवा असतो. असा चहा पाचशे नमुन्यांतून हुडकायचा म्हणजे खायचं काम नाही. काका तो नुसत्या वासावर बाजूला काढत आणि मग सुनेत्राला म्हणत, "आता तू सांग, मी का काढला." ती सांगे. चुकलं की काका पुन्हा पाणी उकळायला लावत. रागावणं त्यांना जमत नसे, म्हणून ते पाणी उकळायला लावत.

लिलावाच्या दिवशी ती त्यांच्याशेजारी हॉलमध्ये बसे. कॉलेजच्या वर्गात असतात तशी चढत जाणारी बाकं, समोर उंचावर लिलाव पुकारणारा, त्याच्या हातात छोटा हातोडा. लॉट म्हणजे एका मळ्याचा, एका प्रतीचा, इतक्या पोत्यांचा माल. लॉटचा नंबर पुकारला, की बाकांवरून भाव उठायचे आणि बघता बघता हातोडा पडायचा. नवख्याला वाटावं, भांडण चाललंय. पण त्या गोंगाटात एक दुसरीच गोष्ट चाले आणि ती सुनेत्राला कळायला वर्ष गेलं. माणसं भावाकडे कमी आणि एकमेकांच्या तोंडाकडे जास्त बघत. पलीकडच्या बाकावरच्याचं गिऱ्हाईक अडून बसलंय, हा लॉट त्याला नाही मिळाला तर त्याची पंचाईत आहे, हे दिसलं की काका आपलं पेन कॅटलॉगवर आडवं ठेवून देत. सोडला. घे बाबा. मग कधीतरी दुसऱ्या लॉटला तो माणूस आपलं पेन आडवं ठेवी. हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं. रीतीत मात्र बसत होतं, आणि रीत मोडणाऱ्याच्या शेजारी दुपारी कुणी जेवायला बसत नसे.

"काका, तुम्हाला कसं कळतं, समोरच्याला खरंच गरज आहे की नाटक करतोय?" तिने एकदा विचारलं.

"नाटक करणारा घाई करतो," काका म्हणाले. "गरज असलेला माणूस थांबत थांबत येतो. प्रत्येक रुपयाला घरी जाऊन आल्यासारखा."

तिच्या तिथल्या शेवटच्या वर्षात हॉलमध्ये लॅपटॉप आले. आधी माणसं तिथेच, त्याच बाकांवर बसून, शेजाऱ्याशी न बोलता पडद्यात बघू लागली. मग म्हणाली, इथे येऊन तरी काय करायचं, आणि आपापल्या ऑफिसातून, घरातून बोली लावू लागली. पडद्यावर लॉट दिसे, वेळ पळताना दिसे, भाव चढताना दिसे. कोण चढवतंय ते दिसत नसे. भाव पाडायला आपसात संगनमत होऊ नये म्हणून नावं झाकली होती, आणि त्यात चूक काहीच नव्हतं. मळेवाल्यांचं भलंच झालं. फक्त काका पहिल्या दिवशी पडद्याकडे बघून म्हणाले होते, "समोर कोण बसलंय तेच कळत नाही, मग मी बोलू कुणाशी?"

आणि सुनेत्राचं लग्न झालं. नवरा प्रतीक रॉटरडॅमला बंदराच्या मालवाहतुकीचं सॉफ्टवेअर बघणारा. त्याच्या व्हिसाला शेपटासारखा जोडलेला तिचा व्हिसा. पहिली दोन वर्षं तिने काय केलं हे विचारू नये. सायकल शिकली, डच शिकायला घेतलं, खेमेन्टेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, खिडकीशी उभं राहून कागद दिले आणि घेतले. या देशात चहा मागितला की गरम पाण्याचा पेला येतो, त्यात एक पिशवी बुडवून काढतात, आणि तीच पिशवी मग दुसऱ्याच्या पेल्यात. ते बघून तिला दर वेळी घरची आठवण येई आणि थोडा रागही येई. काकांना दिवाळीला फोन व्हायचा. मग नंबर बदलले, मग राहून गेलं. राहून जायला फार काही लागत नाही.

मार्टेन तिला भेटला तो घोट ओढायच्या त्या आवाजामुळेच. जुन्या बंदरावरच्या एका गोदामात चहा-कॉफीच्या व्यापाऱ्यांनी लोकांसाठी दारं उघडी ठेवली होती. प्रतीक म्हणाला, चल, फुकट आहे. एका टेबलामागे मार्टेन कप मांडून उभा होता, साठीचा, लांब हाडांचा माणूस. त्याच्या घराण्यात चार पिढ्या चहा. सुनेत्राने कप उचलला आणि कितीतरी दिवसांनी, काही विचार न करता, जोरात घोट ओढला. आजूबाजूच्या डच बायका दचकल्या. प्रतीकने छताकडे बघितलं. मार्टेनने मात्र मुकाट्याने टेबलाखालची थुंकायची बादली काढून तिच्यापुढे धरली आणि विचारलं, "कोलकाता?"

तेव्हापासून ती त्याच्याकडे. आधी नुसती चव घ्यायची, मग बोलीही तीच लावू लागली. कंपनीचं कोलकात्यात नोंदलेलं एक छोटं ऑफिस आहे. नमुने तिथून येतात, लॉगिन त्या ऑफिसचं, आणि बोट सुनेत्राचं. तिकडे सकाळ सुरू होते तेव्हा इकडे पहाट असते. उन्हाळ्यात त्या वेळी बाहेर दुधी उजेड पडलेला असतो आणि मास नदीवर धुकं. ती सायकलवरून येई, गोदामाच्या वरच्या मजल्यावर चहा पारखायच्या खोलीत एकटी बसे. खिडकीखालून एखादा लांब मालवाहू पडाव इतका सावकाश जाई की तो हलतोय की गोदाम हलतंय, कळेनासं होई. अशा वेळी पडद्यावरचे आकडे बघता बघता तिला हॉल ऐकू यायचा. बाकांची करकर, खोकणं, बंगालीतल्या शिव्या, हातोडा. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर प्रतीकने तिला हाउसआर्ट्सकडे नेलं असतं, म्हणजे इथल्या घरगुती डॉक्टरकडे, आणि त्याने पॅरासिटामॉल दिली असती.

तर यंदाच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला मार्टेनने तिला बसवून घेतलं. डेल्फ्टच्या दोन मुलांनी एक प्रोग्रॅम लिहिला होता, तो आपोआप बोली लावतो. तो झोपत नाही, चिडत नाही, एका वेळी कितीही लॉटवर नजर ठेवतो. सुनेत्राची आजवरची सगळी खरेदी त्याला खाऊ घातली होती.

"तो तुझ्यासारखाच आहे," मार्टेन म्हणाला. तो हे कौतुकाने म्हणाला, हेच वाईट. "पण मला खात्री नाही. आसामच्या मोठ्या सेलला तू बस. आपल्या सकाळच्या ब्लेंडला रंग देणारा तो एक लॉट आहे ना, तो मर्यादेत आणलास तर खुर्ची तुझी. नाही जमलं, तर पुढच्या सेलपासून तो प्रोग्रॅम. तू चव बघशील, नोकरी जाणार नाही."

नोकरी जाणार नव्हती. पण ती खुर्ची होती. या देशात सगळीकडे ती कुणाची तरी कुणीतरी होती, प्रतीकची बायको, शाळेत मुलीची आई, डच वर्गात मागच्या बाकावरची. त्या खुर्चीत पहाटे ती फक्त स्वतः असे. तिला ती हवी होती. इतकी हवी होती की सेलच्या आदल्या दिवशी तिने त्या लॉटचा नमुना पुन्हा पुन्हा काढला, मार्टेनच्या पद्धतीने मुरवून बघितला, आणि खोलीत कुणी नाही असं बघून आपल्या पद्धतीने उकळूनही बघितला. उकळल्यावर तो असा काही रंगला, की तिच्या तोंडून आपोआप निघालं, "साताऱ्याचा आहे हा." म्हणजे आसामचाच, पण साताऱ्यात जाण्याच्या लायकीचा.

सेलच्या पहाटे पाऊस नव्हता, वारा नव्हता, नदीसुद्धा थांबल्यासारखी वाटत होती. लॉट उघडला. पाचसहा जण होते, तिने घाई केली नाही. भाव चढत गेला तसे एकेक गळले. मर्यादा किलोला तीनशे वीस रुपयांची होती, म्हणजे हात मोकळा होता. तीनशेच्या जरा अलीकडे ती आणि आणखी एक, असे दोघेच उरले.

तो दुसरा विचित्र होता. वेळ अगदी संपत आली की यायचा, एकच रुपया वाढवायचा. ती वाढवायची. तो पुन्हा शेवटपर्यंत थांबायचा, एक रुपया. मध्येच एकदा दोन रुपयांची उडी, आणि पुन्हा थांबणं. आकड्याच्या शेवटी शून्य आलं की तो तिथे कधी उभा राहत नव्हता.

थांबत थांबत येणारा, प्रत्येक रुपयाला घरी जाऊन आल्यासारखा. शून्याचा विटाळ मानणारा, "शून्यावर थांबलेला माणूस दमलेला दिसतो," असं म्हणणारा माणूस तिने आयुष्यात एकच बघितला होता. काका. काका तिथे होते. पडद्याच्या मागे, त्या सगळ्या समुद्रांच्या पलीकडे, आत्ता या क्षणी. पंधरा वर्षांत पहिल्यांदा ते तिच्यासमोर बसले होते.

तिने तीनशे अकरा टाकले. बराच वेळ काही झालं नाही. खाली एक पडाव आला आणि पूर्ण खिडकी ओलांडून गेला असं तिला वाटलं, जरी तेवढा वेळ असणं शक्यच नव्हतं. मग आकडा बदलला. तीनशे तेरा.

तिच्याजवळ सात रुपये होते आणि खुर्ची होती. समोर तो म्हातारा होता, ज्याला हा चहा साताऱ्याला पाठवायचा होता, कारण तिकडच्या कुणा चहावाल्याला याहून कमी कडक चालणार नव्हता. हे सगळं तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते तिला दिसलं, हॉलमध्ये दिसायचं तसं, तोंडावर. तिने माऊसवरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. वेळ संपली. लॉट गेला.

मार्टेन आला तेव्हा तिने त्याला खरं ते सांगितलं, की समोर कोण आहे ते मला कळलं आणि मी सोडला. मार्टेनने पडद्यावरचा शेवटचा भाव बघितला. तो काही वाईट माणूस नाही. पण चार पिढ्यांचा व्यापारी आहे.

"नावं तर दिसत नाहीत," तो म्हणाला.

"नाही दिसत."

"ठीक आहे," तो म्हणाला, आणि पुढच्या सेलपासून प्रोग्रॅम लागला.

घरी येऊन ती रडली. खुर्चीसाठी रडली, उगाच मोठेपणाचं नाव कशाला देऊ. प्रतीकने तिच्यापुढे आलं घातलेला चहा ठेवला आणि म्हणाला, "अगं, पण एक फोन तर करशील?" कोलकात्याच्या ऑफिसातल्या माणसाने दोन दिवसांत नंबर मिळवून दिला. फोन उचलला गौरवने, काकांच्या मुलाने. ती होती तेव्हा तो शाळेत जायचा. आता धंदा तो बघत होता.

"सुनेत्राताई," तो म्हणाला आणि थबकला. "परवाच्या सेलला तुम्ही होता का? आसामच्या त्या लॉटला?"

"तुला कसं कळलं?"

"मला नाही. बाबांना." त्याने सांगितलं ते असं. काकांची नजर गेली होती. काचबिंदू. बोली लावायचं काम आता गौरवच्या प्रोग्रॅमचं, काकांच्या तीस वर्षांच्या खरेदीवरून त्याने तो स्वतः बनवला होता, कधी थांबायचं, कधी उडी मारायची, सगळं काकांसारखं. सेल चालू असला की काका शेजारी खुर्ची घेऊन बसत आणि गौरव त्यांना भाव वाचून दाखवी. "मी तीनशे अकरा वाचलं आणि बाबा म्हणाले, सोड. मी म्हटलं, का? तर म्हणाले, तिकडे सुनेत्रा आहे, तिला हवाय. मला वाटलं, बाबांचं वय झालं. आणि तेवढ्यात मशीनने तेरा टाकलेसुद्धा."

सुनेत्राने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी त्यात सगळं भरलं होतं हो," गौरव म्हणाला, जरा दुखावल्यासारखा. "बाबांनी काय काय घेतलं, कुठल्या भावाने, सगळं. पण काय काय सोडलं, ते कुठे असतं?"

मग फोन काकांकडे गेला. आवाज बारीक झाला होता, पण तोच.

"तुम्ही मला कसं ओळखलंत, काका?"

"इतक्या चांगल्या चहावर इतकं थांबणारा माणूस एकतर मूर्ख असतो, नाहीतर मी शिकवलेला," काका म्हणाले. "तू का नाही वाढवलेस? मर्यादा संपली?"

"नाही."

काकांना समजलं. त्यांनी घोट ओढल्याचा आवाज आला, मोठा, कोलकात्यापासून रॉटरडॅमपर्यंत. "मूर्ख," ते म्हणाले. "आता सकाळी काय करतेस?"

"खुर्ची गेली, काका. आता झोपणार."

"लागेल झोप?"

"नाही."

"मग फोन लावत जा. गौरव वाचतो, आपण ऐकू."

तेव्हापासून सेलच्या पहाटे सुनेत्रा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बसते. मुलगी आणि प्रतीक झोपलेले असतात. फोन स्पीकरवर, अगदी हळू. गौरव लॉट वाचतो, काका मध्ये मध्ये काही विचारतात, आणि बाहेर गल्लीतल्या सायकली दवाने ओल्या होऊन उभ्या असतात. तिला कधी कधी डुलकी लागते, आणि डुलकीत हॉल पुन्हा भरतो. सुख असतं तेवढा वेळ. नंतर उठून ती कामावर जाते आणि कपांच्या रांगेपुढे उभी राहते.

पावसाळी मालाच्या सेलला पुन्हा त्याच मळ्याचा लॉट आला. मागच्या वेळी हुकलं म्हणून मार्टेनने या वेळी आपल्या प्रोग्रॅमची मर्यादा बरीच वाढवली होती, ते तिला माहीत होतं. तिने काकांना सांगितलं नाही. खाल्ल्या मिठाला जागायला हवं. गौरव वाचू लागला. बाकीचे लवकरच गळले.

"दोघंच राहिले," गौरव म्हणाला. "आपण आणि आणखी एक."

काका ऐकत होते. दोनशे अठ्ठ्याऐंशी. थांबणं. दोनशे एकोणनव्वद. थांबणं. मग एकदम दोनची उडी, शून्य चुकवून पुढे.

"ही तूच ना?" काका म्हणाले.

"मी इथे आहे, काका. फोनवर."

"ते कळलं. पण तिकडे तूच आहेस."

ते खरं होतं. तिकडे तिच्याच खरेदीवर शिकलेला मार्टेनचा प्रोग्रॅम होता. आठ वर्षं तिने तसंच घेतलं होतं, आणि तसं घ्यायला ती ज्यांच्याकडून शिकली ते पलीकडच्या बाजूने तसंच घेत होते. भाव तीनशेच्या वर गेला, मग तीनशे दहाच्या. दोघं कशी एकमेकांसाठी थांबत होती, शेवटच्या क्षणापर्यंत, आणि पुन्हा एक रुपया पुढे. त्या चहाची इतकी किंमत नव्हती, हे त्या घरात आणि या घरात दोघांनाही माहीत होतं.

"गौरव," काका म्हणाले, "बंद कर ते."

"बाबा, साताऱ्याची ऑर्डर आहे."

"साताऱ्याला मी सांगतो काय ते. बंद कर म्हटलं ना."

कळ दाबल्याचा आवाज आला. मग काही नाही. तिकडे वेळ संपत होती, इकडे स्वयंपाकघराच्या खिडकीत उजेड येत होता.

"गेला," गौरव म्हणाला. "तिकडे गेला." आणि त्याच दमात तो पुढच्या लॉटचा नंबर वाचू लागला, कारण पडदा कधीच पुढे सरकला होता.

"तिला मिळाला ना?" काकांनी विचारलं.

सुनेत्राने फोन दोन्ही हातांत धरला.

"मिळाला, काका," ती म्हणाली.